कुणाचा रे तू?

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर अनोळखी पोर वाटेत भेटलं, की म्हातारी माणसं त्याला नाव विचारत नसत. गेलिक भाषेत विचारत, "को लेश ऊ?" म्हणजे, तू कोणाचा? आपल्याकडे पारावर बसलेले आजोबा "कुणाचा रं तू?" म्हणतात, तोच हा प्रश्न. उत्तरही आपल्या ओळखीच्या घडणीचं. नुसतं 'इयान' म्हणून भागायचं नाही. 'डोनल्डचा इयान, अलास्डेरच्या डोनल्डचा' असं सांगावं लागे. आडनावाचा तिथे फारसा उपयोगच नव्हता. वाडीत निम्मे मॅक्लाउड आणि उरलेले मॅकडोनल्ड असले, तर आडनाव सांगून कळणार काय?

मग एके दिवशी हा इयान क्लाइड नदीच्या मुखाशी ग्रीनॉक बंदरात, जहाजाच्या रांगेत उभा राहिला. कारकुनाला गेलिक येत नव्हतं आणि साखळी ऐकत बसायला सवडही नव्हती. त्याने लिहिलं, 'जॉन मॅकडोनल्ड, मजूर, वय २५'. हा इयान मी कल्पनेतला घेतला आहे, पण त्याच्यासारखे हजारो होते. आज कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात राहणारा त्याचा खापरपणतू मूळ गाव शोधायला निघतो, तेव्हा त्याच्या हाती एवढीच ओळ असते. तीही नशीब असेल तर.

कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड मिळून स्वतःला स्कॉटिश वंशाचे म्हणवणारे लोक खुद्द स्कॉटलंडच्या सुमारे ५५ लाख वस्तीपेक्षा अधिक भरतात. त्यांच्यातले बरेच जण कधी ना कधी एडिंबराच्या जनरल रजिस्टर हाउसची पायरी चढतात, किंवा घरबसल्या त्या दप्तराच्या संकेतस्थळावर पैसे मोजून पानं उघडतात. वास्तुविशारद रॉबर्ट अ‍ॅडमने आखलेल्या या इमारतीचा पाया १७७४ साली घातला गेला, तो मुळी देशाचे कागद ठेवण्यासाठीच. पण येणारा बहुतेक जण एकच प्रश्न घेऊन येतो: "माझ्या पूर्वजाची नोंद कुठे आहे?" माझ्या मते हा प्रश्नच चुकीच्या टोकाने धरलेला आहे. विचारायला हवं ते असं: माझ्या पूर्वजाचं नाव लिहून ठेवण्याची गरज कोणाला पडली असेल? कोणीही कागद वंशजांच्या सोयीसाठी लिहिला नाही. कोणाला दक्षिणा हवी होती, कोणाला कर, कोणाला खंड, कोणाला उधारीची वसुली. ज्याला गरज पडली त्याने लिहिलं. ज्याला पडली नाही, त्याने शाई वाया घालवली नाही.

चर्चच्या जुन्या वह्यांपासूनच पाहा. स्कॉटलंडमध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १ जानेवारी १८५५ रोजी सुरू झाली. त्याआधीचा सगळा भार स्थानिक चर्चच्या वह्यांवर, म्हणजे पॅरिश रजिस्टरांवर. यांतली सर्वांत जुनी वही पर्थशरमधल्या एरल गावची, १५५३ सालापासूनची. पण एरलचं नशीब सगळ्यांना लाभलं नाही. नऊशेहून अधिक पॅरिशांच्या वह्या आज उपलब्ध आहेत, पण डोंगराळ हायलँड्समधल्या आणि बेटांवरच्या अनेक वह्या एकोणिसाव्या शतकाच्या तोंडावर कुठे सुरू होतात. तिथली पॅरिश म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याएवढी. मधे डोंगर, खाड्या, सामुद्रधुन्या. पाद्री वर्षातून एखाद-दोनदा एखाद्या टोकाला पोचायचा, तेव्हा साचलेली सगळी बाळं एकदम बाप्तिस्म्याला आणली जायची. परत गेल्यावर त्यांची नावं वहीत चढायचीच, असं नव्हतं.

वही लिहायचं काम बहुधा शाळामास्तरकडे असे, आणि नोंदीमागे त्याला थोडे पैसे मिळत. म्हणजे नोंद ही विकत घ्यायची गोष्ट होती. त्यात १७८३ साली सरकारने प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर बसवला. लोकांनी काय केलं असेल हे सांगायला इतिहासकार नको. बाप्तिस्मा केला, देवापुढे नाव ठेवलं आणि वहीकडे पाठ फिरवली. १७९४ मध्ये कर उठला. तेव्हा अठराव्या शतकाच्या त्या शेवटच्या टप्प्यात जन्मलेला पूर्वज वहीत सापडत नसेल, तर वही हरवली किंवा पान फाटलं असं समजण्याआधी त्या तीन पेन्सांची आठवण ठेवावी.

शिवाय ही वही सरकारमान्य चर्चची. १७३३ साली एक गट त्यातून बाहेर पडला. मग १८४३ मध्ये मोठीच फूट पडली आणि सुमारे बाराशे पाद्र्यांपैकी साडेचारशेच्या वर पाद्री उठून गेले आणि त्यांनी 'फ्री चर्च' काढलं. हायलँड्समध्ये तर गावंच्या गावं त्यांच्यामागे गेली. त्या लोकांची बारशी जुन्या वहीत शोधणं म्हणजे भाड्याचं घर सोडून गेलेल्याची पत्रं जुन्या पत्त्यावर शोधणं. कॅथलिकांच्या वह्या आणखी वेगळ्या. बारा, साउथ यूइस्ट अशा बेटांवर त्यांचीच वस्ती जास्त.

लग्नाचा प्रकार तर आणखी मजेशीर. स्कॉटलंडच्या कायद्याने दोघांनी साक्षीदारांसमोर "आम्ही नवरा-बायको" असं म्हटलं की लग्न लागलं. पाद्री नको, चर्च नको, वही नको. ही पद्धत १९४० पर्यंत चालू होती. सीमेवरच्या ग्रेटना ग्रीनला इंग्लंडमधली पळून आलेली जोडपी गर्दी करत ती यामुळेच. म्हणून लग्नाची नोंद नाही याचा अर्थ लग्न झालं नाही, असा होत नाही. उलट रीतसर लग्न असेल, तर आधी चर्चमध्ये त्याची जाहीर घोषणा होई, आणि वधू-वर वेगवेगळ्या पॅरिशचे असले तर दोन्हीकडे होई. एका वहीत नवऱ्याचं गाव धूसर असेल, तर दुसऱ्या वहीत ते स्पष्ट सापडू शकतं. हा दुसरा दरवाजा ठोठावायचं बरेच जण विसरतात.

आणि मृत्यू? दफनाच्या वह्या सगळ्यांत फाटक्या. पण शवपेटीवर पांघरायचं काळं मखमली कापड चर्चच्या मालकीचं असे आणि ते भाड्याने दिलं जाई. भाड्याचे पैसे गरिबांच्या निधीत जमा होत, आणि जमा-खर्च आला की वही आलीच. अनेक गावांत माणूस मेल्याचा एकमेव पुरावा म्हणजे त्या कापडाच्या भाड्याची ओळ. माणसाची नोंद कोणी केली नाही, कापडाची केली.

याच चर्चची एक पंचमंडळी असे: पाद्री आणि वडीलधारी मंडळी. त्यांना 'कर्क सेशन' म्हणत. यांच्या बैठकांचे वृत्तांत म्हणजे शोधणाऱ्याला मेजवानीच. रविवारी मासे पकडायला गेला, शेजारणीला शिव्या दिल्या, दारू पिऊन गोंधळ घातला, सगळं त्यात. लग्नाविना मूल झालं तर मंडळी आईला बोलावून बापाचं नाव विचारत, अनेक बैठका चौकशी चाले, आणि कबूल करणाऱ्याला चर्चमध्ये सर्वांसमोर पश्चात्तापाच्या चौरंगावर बसवत. बाप्तिस्म्याच्या वहीत बापाची जागा कोरी असेल, तर हा वृत्तांत उघडावा. त्या पोरीवर काय गुदरलं असेल हे वाचताना जीव घुसमटतो, हे वेगळं. तिथेच आणखी एक उपयोगी कागद भेटतो. एका पॅरिशमधून दुसऱ्या पॅरिशमध्ये राहायला जायचं तर चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागे. तो दिल्या-घेतल्याची नोंद म्हणजे 'कुठून आला' याचं थेट उत्तर.

आता १८५५ कडे येऊ, कारण सगळा खेळ तिथे उलटतो. नव्या कायद्याचे अधिकारी पहिल्या वर्षी फारच उत्साहात होते. १८५५ च्या जन्मनोंदीत आईबापांची वयं, जन्मगावं, त्यांच्या लग्नाची तारीख आणि ठिकाण, बाळाआधीची किती भावंडं जिवंत, किती गेली, इतकं सगळं भरून घेतलं. कारकून मेटाकुटीला आले आणि पुढच्याच वर्षी रकाने कमी केले. आईबापांच्या लग्नाचा रकाना १८६१ मध्ये परत आला. पण एक रकाना सुरुवातीपासून टिकला, आणि तो सोन्याचा आहे. मृत्यूच्या नोंदीत मेलेल्या माणसाच्या आई आणि बाप दोघांची नावं, आईचं माहेरच्या आडनावासकट.

आता गंमत पाहा. आपला इयान १८३० मध्ये देश सोडून गेला. १८५५ च्या नोंदणीशी त्याचा संबंध काय? काही नाही. पण त्याची थोरली बहीण गावातच राहिली आणि १८७० मध्ये, समजा, सत्तराव्या वर्षी वारली. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर तिच्या आईबापांची नावं आहेत, म्हणजे इयानच्याही आईबापांची. अठराव्या शतकाच्या शेवटी झालेलं लग्न १८७० च्या कागदात बाहेर येतं. जो गेला त्याचा माग लागत नसेल, तर जो मागे राहिला त्याला धरायचं. भाऊबंद, चुलत भाऊ, कधीच लग्न न केलेली आत्या, यांच्या कागदांतून वाट निघते. नवखे शोधक आपल्या थेट पूर्वजावरच डोळे रोखून बसतात आणि अडकतात.

यात स्कॉटलंडची एक रीत फार कामाला येते. तिथली बाई लग्नानंतरही कागदोपत्री माहेरचं आडनाव टिकवून असे. थडग्यावर, मृत्युपत्रात, कोर्टाच्या दप्तरात ती तिच्या जन्मनावाने भेटते. सासरचं नाव नुसतं सोबतीला. आपल्या जुन्या कुळवृत्तांतांत सून आली की नाव-आडनाव दोन्ही बदललेली, त्यामुळे माहेरची वाट पुसलेली असते. त्या मानाने स्कॉटिश शोधक सुखी म्हणायला हवा. मुलांची नावं ठेवण्याची पद्धतही ओळखीची वाटेल. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, तिसऱ्याला स्वतः बापाचं. पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला बापाच्या आईचं. कॅनडातल्या कुटुंबातल्या मुलांची नावं क्रमाने मांडली, की समुद्रापलीकडच्या आजी-आजोबांची नावं अंदाजाने उमटतात. मात्र हा अंदाजच. एखादं मूल दगावलं की तेच नाव पुढच्याला देत. दोन्ही आजोबा जॉन असले तर एकाच घरात दोन जिवंत जॉन असत. जमीनदाराला किंवा पाद्र्याला खूश करायलाही एखादं नाव जाई. ही पद्धत पुरावा म्हणून वापरणारे लोक मला फार लवकर समाधान पावणारे वाटतात.

नावांचा खरा घोळ गेलिक आणि इंग्रजीच्या सांध्यावर होतो. गेलिकमधला गिलेस्पिक इंग्रजी कागदावर आर्चिबाल्ड होतो. टॉरमॉडचा नॉर्मन होतो. ऑइरिग नावाची बाई एका कागदावर एफी, दुसऱ्यावर यूफेमिया, तिसऱ्यावर हेनरिएटा असते. आवाजात काहीही साम्य नसलेल्या या जोड्या रूढीने ठरल्या होत्या. ज्याला त्या माहीत नाहीत, तो एकाच बाईला तीन बायका समजून तीन वेगळी कुटुंबं उभी करतो. ईशान्य किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत आणखी वेगळी तऱ्हा. तिथे सगळं गाव दोन-तीन आडनावांचं, म्हणून प्रत्येक घराला टोपणनाव, आणि ते कागदोपत्रीसुद्धा आडनावाला जोडलेलं.

आडनाव म्हणजे रक्त, हा समज तर आधी सोडावा. क्लॅनच्या, म्हणजे घराण्याच्या, प्रमुखाच्या आश्रयाला आलेली कुळं त्याचंच आडनाव लावत. मॅकग्रेगरांची कथा त्याहून विलक्षण. १६०३ मध्ये राजा सहाव्या जेम्सने त्यांच्या नावावरच बंदी घातली. मॅकग्रेगर म्हणवून घेणं हा गुन्हा ठरला. लोक रातोरात मरे, ग्रँट, ड्रमंड, कॅम्पबेल झाले. मधे बंदी उठली, १६९३ मध्ये पुन्हा लागली आणि कायमची उठली ती १७७४ मध्ये. प्रसिद्ध बंडखोर रॉब रॉय मॅकग्रेगर आईचं कॅम्पबेल हे आडनाव लावून वावरला. तेव्हा आज एखाद्या ड्रमंडच्या डीएनए चाचणीत मॅकग्रेगरांशी नातं दिसलं, तर घराण्यात काही लपवाछपवी झाली असं समजायचं कारण नाही. राजाचा हुकूम झाला होता. डीएनएचा उपयोग असा आधीच्या कागदांच्या जोडीने होतो. नुसती थुंकी पाठवून गावाचं नाव कळत नाही.

समुद्राचा पट्टा हा या शोधातला सगळ्यांत कोरडा भाग. ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशांच्या याद्या सलग टिकल्या आहेत त्या १८९० पासूनच्या. त्याआधी कोण गेलं, हे निघणाऱ्या बाजूला कोणालाच लिहून जपायचं नव्हतं. पोचणाऱ्या बाजूला मात्र होतं. अमेरिकेत १८२० पासून उतरणाऱ्यांच्या याद्या आहेत; क्वेबेकच्या सलग याद्या १८६५ पासून. आणि सर्वांत भरगच्च याद्या ऑस्ट्रेलियाच्या, कारण तिथल्या वसाहती तिकिटाचे पैसे देऊन माणसं आणत होत्या. ज्याने पैसे मोजले त्याने नाव, वय, धंदा, गाव, वाचता येतं का, सगळं तपासून घेतलं.

निघणाऱ्या बाजूचे अपवादही याच न्यायाने. १७७३ च्या सुमारास हायलँड्समधून इतके लोक अमेरिकेला निघाले, की लंडनचं सरकार धास्तावलं. देश ओस पडणार की काय? मग त्यांनी जकातीच्या अधिकाऱ्यांना हुकूम सोडला की प्रत्येक प्रवाशाचं नाव, वय, धंदा आणि जायचं कारण लिहा. १७७६ पर्यंत हे चाललं. त्या कागदांत लोक स्वतःच्या तोंडाने कारणं सांगतात: खंड वाढवला, गुरांचा भाव पडला, भाकरी महागली. दुसरा अपवाद १८५२ ते १८५७ चा. बटाट्याचं पीक कुजून बेटांवर दुष्काळ पडला, तेव्हा स्थापन झालेल्या 'हायलँड अँड आयलंड एमिग्रेशन सोसायटी'ने जवळपास पाच हजार माणसं ऑस्ट्रेलियाला पाठवली. खर्चाचा काही वाटा जमीनदाराने द्यायचा, प्रवाशाने पुढे कमावून फेड करायची. उधारी असल्यामुळे संस्थेच्या याद्या चोख आहेत. कुटुंबवार नावं, वयं, आणि कोणत्या जमीनदाराच्या कोणत्या वाडीतून, तेही. याउलट १८५१ मध्ये क्लूनीच्या कर्नल गॉर्डनने साउथ यूइस्ट आणि बाराच्या आसपासच्या बेटांवरून सतराशेच्या आसपास कुळं-माणसं हाकलून क्वेबेकला पाठवली. त्यांच्याकडून वसूल करायचं काहीच उरलं नव्हतं. ते लोक नावानिशी फारसे भेटत नाहीत. भेटतात ते उपाशी, अंगावर धड कपडा नसलेले, क्वेबेकच्या अधिकाऱ्यांच्या तक्रारींमध्ये.

सोडलेल्या गावाचं नाव पूर्वजाने सांगितलं असेल, तरी हुरळून जाऊ नये. 'ग्लासगोचा' म्हणजे बहुधा ग्लासगोहून जहाजात बसलेला. 'इन्व्हरनेसचा' म्हणजे इन्व्हरनेस शहराचाच असं नाही, इन्व्हरनेस-शर या अवाढव्य परगण्यातला कुठलाही. स्काय बेट त्यात येई, हॅरिस येई. पण हॅरिसला जमिनीने जोडलेलं लुइस मात्र रॉस परगण्यात. त्यातून नोव्हा स्कोशियाच्या केप ब्रेटन बेटावर स्वतःची इन्व्हरनेस नावाची काउंटी आहेच. एखाद्या मृत्युलेखात 'जन्म इन्व्हरनेस' वाचून स्कॉटलंडचं तिकीट काढण्याआधी अटलांटिकची कोणती बाजू, हे तपासलेलं बरं.

म्हणून अनुभवी लोक एकच सांगतात: आधी उतरलेल्या जागेचे कागद संपवा. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीचे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले मृत्यूदाखले स्कॉटलंडहूनही बोलके आहेत. आईबाप, जन्मगाव, लग्न कुठे, मुलं किती, आणि वसाहतीत येऊन किती वर्षं झाली. शेवटच्या आकड्यावरून जहाजाचं वर्ष काढता येतं. फक्त एक पथ्य. ही माहिती मेलेल्याने दिलेली नसते. खबर देणारा मुलगा आहे, जावई आहे की शेजारी, ते आधी बघायचं. जावयाला सासूच्या आईचं माहेर किती ठाऊक असणार, याचा अंदाज आपल्याला आपल्या घरावरून येईलच. कुटुंब एकटं गेलेलं नसतं, हेही ध्यानात ठेवायचं. शेजारची शेतं, लग्नातले साक्षीदार, चर्चमधले बाक, सगळीकडे त्याच वाडीची माणसं असतात. आपला जॉन मॅकडोनल्ड सापडत नसेल तर त्याच्या शेजारी राहणाऱ्या, विचित्र आडनावाच्या माणसाचं गाव शोधावं. विरळ आडनाव लवकर सापडतं.

कर लावणाऱ्यांचे आभार मानावेत असा हा एकच छंद मला माहीत आहे. अठराव्या शतकातल्या सरकारने स्कॉटलंडमध्ये खिडक्यांवर कर लावला, नोकरांवर लावला, शेतीच्या घोड्यांवर लावला, कुत्र्यांवर लावला, १७९७ साली घड्याळांवरही. चर्चच्या वहीत नसलेला शेतकरी दोन घोड्यांमुळे कागदावर येतो. पण घोडा नसलेल्याचं काय? त्याच्यासाठी १८४५ चा गरिबांच्या मदतीचा कायदा. मदत मागायला आलेल्या माणसाचा खर्च कोणत्या पॅरिशने सोसायचा, यावरून पॅरिशांत भांडणं लागत. म्हणून तपासनीस घरी येऊन जन्म कुठला, आधी कुठे कुठे राहिला, बायकोचं माहेर, मुलं कुठे कमावतात, हे खोदून विचारत असे. आपल्या गळ्यात पडू नये म्हणून केलेली ही चौकशी आज त्या कुटुंबाचं संपूर्ण चरित्र ठरते. ग्लासगोच्या मिचेल लायब्ररीत असे अर्ज ढिगांनी आहेत. हायलँड्समधून हुसकावलेली कितीतरी माणसं आधी तिथल्या गिरण्यांत आली आणि तिथून परदेशी गेली, त्यामुळे मधला दुवा पुष्कळदा तिथेच सापडतो. ऑर्कनी बेटांच्या लोकांचं भाग्य वेगळं. कॅनडात केसाळ कातड्यांचा व्यापार करणारी हडसन्स बे कंपनी आपले नोकर स्ट्रॉमनेस बंदरात उचलायची. अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीच्या नोकरांत तीन-चतुर्थांशाच्या आसपास माणसं ऑर्कनीची होती. पगाराचा हिशेब ठेवायचा म्हणून प्रत्येकाची पॅरिश लिहिलेली. ते सगळं दप्तर आता विनिपेगला आहे.

आणि काही धागे थेट आपल्या दारात येतात. स्कॉटलंडच्या वहीतून नाहीसा झालेला तरुण ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत भरती होऊन मुंबईला उतरलेला असू शकतो. मुंबई इलाख्यातले पाद्री आपल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून लंडनला पाठवत. पुणे, खडकी, सातारा, अहमदनगर, बेळगाव इथल्या छावण्यांतली लग्नं आणि मरणं आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत वाचायला मिळतात. या नोंदींतही एक ठरवून ठेवलेली पोकळी आहे. बाळाच्या बाप्तिस्म्यात गोऱ्या बापाचं नाव असतं, हुद्दा असतो. आई इथली असली तर तिचं नाव पुष्कळदा लिहिलेलंच नसतं. तिच्या नावाची गरज लंडनमध्ये कोणालाच नव्हती.

मुंबई काहींसाठी नुसती वाटेतली पायरी ठरली. चर्च ऑफ स्कॉटलंडचे पाद्री जेम्स क्लो १८१५ मध्ये मुंबईला आले. फोर्टातलं सेंट अँड्र्यूज चर्च १८१९ मध्ये उभं राहिलं ते त्यांच्याच काळात. निवृत्तीनंतर १८३७ मध्ये ते सहकुटुंब ऑस्ट्रेलियात, नव्याने वसणाऱ्या मेलबर्नला गेले. त्यांच्या कुटुंबाचा माग स्कॉटलंडहून थेट ऑस्ट्रेलियाला शोधणाऱ्याला मधली दोन दशकं कोरीच दिसतील.

आणि ग्रँट डफ तर आपल्या घरचेच. मराठ्यांच्या इतिहासाचं १८२६ चं पुस्तक लिहिणारे हे गृहस्थ १७८९ मध्ये स्कॉटलंडच्या बॅन्फ गावी जन्मले, तेव्हा ते नुसते जेम्स ग्रँट होते. १८१८ ते १८२२ साताऱ्याला प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी होते तेही कॅप्टन ग्रँट म्हणूनच. मायदेशी परतल्यावर आईकडून ईडन नावाची जमीनजायदाद वारशाने आली आणि तिच्यासोबत तिच्या घराण्याचं डफ हे आडनाव. जमीन हवी तर आमचं नाव लाव, ही अट स्कॉटलंडच्या वारसापत्रांत नेहमीची. साताऱ्याच्या कागदांत 'डफ' शोधत बसलेल्याला तो सापडत नाही, आणि त्याला वाटतं कागद गहाळ झाले.

जुन्या प्रवाशांत सर्वांत मिरवलं जाणारं जहाज म्हणजे 'हेक्टर'. १७७३ च्या उन्हाळ्यात ते हायलँड्सच्या लॉक ब्रूम खाडीतून सुमारे दोनशे माणसं घेऊन निघालं, वाटेत वादळाने मागे लोटलं गेलं, देवी आणि हगवणीने मुलं दगावली, आणि १५ सप्टेंबरला नोव्हा स्कोशियातल्या पिक्टूला पोचलं. आज हजारो कॅनेडियन कुटुंबं आपलं मूळ 'हेक्टर'शी जोडतात आणि प्रवाशांच्या यादीत बोट ठेवून दाखवतात. पण त्या वेळची, जहाजावरची यादी उरलेलीच नाही. जी आहे ती कित्येक वर्षांनी, आठवणीतून सांगितलेली. तिच्यात बहुतेकांची वयं नाहीत, तिकिटाचे आकडे नाहीत. आहे ते अमक्याचं घर, तो कुठून चढला, कोणत्या नदीकाठी वसला, त्याची लेकरं पुढे कुठे गेली. ग्रीनॉकच्या कारकुनाने जे ऐकून घेतलं नव्हतं तेच, फक्त या वेळी कोणीतरी लिहून घेतलं.